प्रोजेक्टचे गट पाडताना

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचे गट पाडायचे झाले की आपल्याकडे बहुधा दोनच वाटा चोखाळल्या जातात: हजेरीपटाच्या क्रमाने चार-चार विद्यार्थी एकत्र करायचे, नाहीतर ‘तुमचे तुम्हीच ठरवा’ असे सांगून मोकळे व्हायचे. दुसऱ्या वाटेने चांगले गुण असलेली मुले एकमेकांना धरतात आणि उरलेल्यांचा एक गट आपोआप तयार होतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक डग्लस वाइल्ड यांनी यावर वेगळा उपाय शोधला. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या सिद्धान्तावर उभी असलेली मायर्स-ब्रिग्ज ही व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली माणसांना १६ प्रकारांत विभागते. तिच्या उत्तरांवरून वाइल्ड प्रत्येक विद्यार्थ्याचा विचार करण्याचा कल काढत आणि एका गटात शक्य तितके भिन्न कल येतील असे पाहत. या पद्धतीमुळे विद्यार्थ्यांच्या अभियांत्रिकी प्रोजेक्टांना दिली जाणारी लिंकन फाउंडेशनची राष्ट्रीय पारितोषिके मिळवणाऱ्या स्टॅनफर्डच्या गटांचे प्रमाण तिप्पट झाले, असे त्यांचे म्हणणे होते.

या कल्पनेचे मोल मला पेरणी यंत्र करणाऱ्या एका गटाकडे पाहताना पटले. चौघेही कल्पक होते, बियाणे सोडण्याच्या चकतीचे नवनवे आराखडे दर आठवड्याला येत; पण ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेच नव्हते, आणि वर्कशॉपमधून आलेला शाफ्ट बेअरिंगमध्ये शिरेना. कंटाळा न करता प्रत्येक माप तपासणारा एक जण त्या गटात हवा होता.

तरीही ही प्रश्नावली प्रमाण मानायला मी तयार नाही. काही आठवड्यांनी ती पुन्हा भरून घेतली, तर अनेकांचा प्रकार बदलतो, कारण मध्यरेषेच्या जवळपास असलेल्या दोघांना ती थेट विरुद्ध बाजूंना टाकते. शिवाय स्टॅनफर्डची पारितोषिके वाढली ती केवळ याच कारणाने, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेतील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत वापरली जाणारी ‘कॅटमी’ ही संगणक प्रणाली गट पाडताना मोकळ्या वेळा आणि कौशल्ये विचारात घेते, आणि एखादी मुलगी गटात एकटी पडणार नाही हेही पाहू शकते. आपल्या यंत्र शाखेच्या वर्गांत मुली मोजक्याच असतात, त्यामुळे हा शेवटचा निकष मला सर्वांत निकडीचा वाटतो.

म्हणून गट या व्यावहारिक निकषांवर पाडावेत आणि व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली गट झाल्यानंतर, कामांच्या वाटपाची चर्चा सुरू करण्यापुरती वापरावी. तिचे निकाल सूचना फलकावर लावू नयेत आणि गुणांशी तर मुळीच जोडू नयेत. पहिल्याच बैठकीत ड्रॉइंग कोण तपासणार, वर्कशॉपशी कोण बोलणार आणि अहवाल कोण लिहिणार, हे गटाने लेखी ठरवावे, आणि सहामाही परीक्षेनंतर ती कामे आपापसांत बदलून घ्यावीत.