शाशीच्या वाटेवर आठ जण : युन्नान प्रवासाचा माझा अनुभव

आमच्या गटात आठच माणसे असावीत हे आम्ही ठरवले नव्हते. ते खोल्यांनी ठरवले. चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात शाशी नावाचे एक जुने बाजारगाव आहे आणि तिथल्या ज्या घरगुती लॉजमध्ये आम्हाला राहायचे होते, त्याच्या मालकिणीकडे चारच खोल्या होत्या. त्याआधी पुण्यात एका प्रवासी कंपनीने आमच्यापुढे पस्तीस जणांची, नऊ दिवसांत सहा शहरांची सहल ठेवली होती. तिच्या माहितीपत्रकात ‘जबाबदार पर्यटन’ हे शब्द चार वेळा आले होते. मात्र मुक्कामाची हॉटेले कोणाच्या मालकीची आहेत, या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही. तेव्हा सगळी जुळवाजुळव आपणच करावी असे ठरले आणि अनुभवी समजून ते काम माझ्या गळ्यात पडले.

पहिला निर्णय तारखांचा होता. 1 ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीत सारा चीन घराबाहेर पडतो, म्हणून आम्ही नोव्हेंबर निवडला. तेव्हा युन्नानमध्ये पाऊस संपलेला असतो. दुसरा निर्णय व्हिसाचा. गटाला एकच सामायिक व्हिसा घेतला असता तर काम सोपे झाले असते, पण मग सर्वांना एकत्रच देशात शिरावे आणि एकत्रच बाहेर पडावे लागले असते आणि आमच्यातील एकाला पुढे बीजिंगला जायचे होते. त्यामुळे प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज भरला. त्या ऑनलाइन अर्जात नोकरीपासून आईवडिलांपर्यंत सगळे विचारतात आणि कोणत्या रात्री कुठे राहणार तेही लिहावे लागते. माझा फोटो चेहऱ्यावरील सावलीमुळे तीनदा परत आला. चौथ्या वेळी फोटोवाल्याने मला खिडकीसमोर बसवले आणि तो फोटो चालला. त्यानंतर पासपोर्ट मुंबईत जमा केले.

खरी अडचण मुक्कामाने आणली. चिनी कायद्यानुसार परदेशी माणसाची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करते. खाजगी घरात उतरलात तर 24 तासांच्या आत ठाण्यात जाऊन करावी लागते. शाशीत आधी ठरवलेल्या लॉजने निघण्यापूर्वी तीन आठवडे कळवले की, परदेशी पाहुण्यांची नोंद कशी करतात हे त्यांना ठाऊक नाही, सबब बुकिंग रद्द. या निरोपामुळे व्हिसाच्या अर्जात लिहिलेला पत्ताच खोटा ठरला. दुसऱ्या लॉजची मालकीण, जिला आम्ही पुढे सगळे ‘आयी’ म्हणू लागलो, तिनेही परदेशी पाहुणे कधी उतरवले नव्हते. तरी ठाण्यात जाऊन विचारून येते, असे तिने कळवले आणि दुसऱ्या दिवशी होकार आला. ‘आयी’ हा चिनी शब्द ऐकायला आपल्या आईसारखा वाटला तरी त्याचा अर्थ मावशी असा आहे आणि तो आपल्या मावशीसारखाच कोणत्याही प्रौढ बाईला चालतो.

लॉज निवडताना मी प्रत्येकाला एक प्रश्न भाषांतराच्या ॲपमधून विचारला होता : तुमचे सांडपाणी कुठे जाते? बहुतेकांनी त्यावर गोंधळलेल्या चेहऱ्याचे चित्र पाठवले. या प्रश्नामागे कारण होते. शाशीच्या वाटेवरील दाली शहराजवळच्या अरहाय सरोवराच्या काठी लॉज आणि खानावळी इतक्या वाढल्या की, पाणी बिघडले आणि 2017 मध्ये प्रशासनाने त्यांपैकी सुमारे दोन हजार बंद करायला लावल्या. सरोवराच्या शोभेसाठी आलेल्यांनीच ते सरोवर नासवले होते, त्यामुळे आम्ही दालीत पाण्यालगत न राहता जुन्या गावात राहिलो.

युन्नानची राजधानी कुनमिंगहून दालीला वेगवान रेल्वेगाडी सव्वादोन तासांच्या आसपास घेते. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावरच निघते आणि स्वयंचलित दरवाजा आपला पासपोर्ट वाचेलच असे नाही, म्हणून माणूस बसलेल्या खिडकीची रांग आधी शोधावी. पैशांचे व्यवहार फोनवरील अलीपे या चिनी ॲपने झाले, ज्याला आपले बँक कार्ड जोडता येते. आठांपैकी दोघांच्या कार्डांना त्यांच्या बँकांनी परवानगी दिली नाही, म्हणून थोडी रोख जवळ ठेवली होती ती कामी आली. भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सॲप चालले. चीनमध्ये त्यावर बंदी असल्याने लॉजच्या वायफायवर ते चालत नाही.

शाशी हे दाली आणि लिजियांग यांच्या मधल्या खोऱ्यात, सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. युन्नानचा चहा तिबेटकडे आणि तिकडचे घोडे इकडे नेणाऱ्या तांड्यांचा तो मुक्कामाचा बाजार होता. चौकात एका बाजूला 1415 मध्ये बांधलेले शिंगज्याओ मंदिर आणि समोर नाटकाचा मंच. हा बाजार 2002 साली जगातील धोक्यातील वास्तूंच्या एका यादीत आला आणि पुढे स्विस तज्ज्ञ व जिल्हा प्रशासन यांनी मिळून त्याची डागडुजी केली. लिजियांगच्या जुन्या शहरात भाडी वाढल्याने नाशी समाजाची अनेक कुटुंबे आपली घरे दुकानदारांना देऊन नव्या वस्तीत गेली. शाशीत मात्र शुक्रवारच्या आठवडी बाजाराला बाय समाजाच्या बायका अजून पाठीवर वेताच्या टोपल्या घेऊन येतात. अर्थात आमच्यासारखे आठ-आठ जण रोज येऊ लागले तर इथेही काय होईल, ही शंका मला तिथे असतानाच आली.

पोहोचल्याच्या संध्याकाळी आयीने आमचे आठ पासपोर्ट एका पिशवीत घातले आणि मला सोबत घेऊन ती ठाण्यात गेली. तिथल्या तरुण शिपायाला आमच्या पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत कसे असते हे उमगेना. वडिलांचे नाव हे स्वतःच्या नावाचा भाग कसा, हे मी त्याला ॲपवर समजावले. एक तास गेला. पस्तीस जणांसाठी आयीने हे केले असते असे मला वाटत नाही.

जेवणाची चिठ्ठी मी पुण्यातच चिनीतून लिहून घेतली होती, कारण आमच्यात तिघे शाकाहारी होते आणि भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. चिठ्ठीत ‘सू’ हा शब्द होता. चिनी बौद्ध परंपरेत त्याचा अर्थ मांस वर्ज्य इतकाच नसून कांदा-लसूणही वर्ज्य असा होतो, त्यामुळे आयीने आमच्या तिघांना व्रतस्थ समजून चार दिवस चातुर्मासाचे जेवण वाढले. मात्र रूबिंग नावाचे शेळीच्या दुधाचे पनीर तेलात तळून समोर आले तेव्हा कोणाचीच तक्रार उरली नाही.

जवळच्या शिबाओशान डोंगरातील लेणी पाहायला आम्ही स्थानिक वाटाडी घेतली होती. नान्चाओ आणि दाली या इथल्या जुन्या राज्यांच्या काळातील बुद्ध-अवलोकितेश्वरांच्या रांगेत एका लेण्यात स्त्रीयोनीच्या आकाराचा दगड आहे. अपत्यासाठी नवस बोलणाऱ्या बायकांनी तेल लावून लावून तो काळाभोर, गुळगुळीत झाला आहे. बाय भाषेत त्याला आयांगबाय म्हणतात. आमच्यातील एका काकूंना लगेच लज्जागौरी आठवली. फोटो काढायला मनाई असल्याने तिथे आम्ही सगळे बराच वेळ नुसते पाहत उभे राहिलो, जे इतरत्र कुठेच घडले नाही.

शेवटचे दोन दिवस चिन्शा नदीवरच्या व्याघ्रझेप घळीत चाललो. घोड्यावर बसायचे नाही असे आधी ठरले होते, पण ‘28 वळणे’ नावाचा चढ सुरू होताच एक घोडेवाला गळ्यात घंटा बांधलेला घोडा घेऊन आमच्या मागे लागला आणि दहाव्या वळणावर काकूंचा गुडघा बोलू लागला. आमच्यात वाद झाला. शेवटी काकू पायीच चढल्या, घोड्यावर फक्त तीन पिशव्या टाकल्या आणि घोडेवाल्याला त्याने सांगितलेले स्वाराचे पूर्ण पैसे दिले. पाच जणांना हे योग्य वाटले. दोघांना अजूनही वाटते की त्याला आम्हीच चटक लावली.

येत्या वसंतात माझा पुतण्या मित्रांसह तिकडे जाणार आहे. आयीचा पत्ता आणि चिठ्ठी मी त्याला दिली आहे. चिठ्ठीच्या तळाशी ‘कांदा-लसूण चालतो’ ही ओळ चिनीतून वाढवून घेतली आहे.