तोरणमाळचा घाट, डबलसीट आणि घासणारा फुटरेस्ट

जड गाडीचा फुटरेस्ट वळणावर रस्त्याला जास्त घासतो असं आपल्याकडे जो तो छातीठोकपणे सांगतो, जळगावात चहाच्या टपरीवर तर विचारूच नका, पण भाऊ, गाडीच्या स्वतःच्या वजनाचा त्यात संबंधच नाही. गाडी किती आडवी करावी लागणार हे ठरतं स्पीडवर आणि वळण किती टाइट आहे त्यावर. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ४० ने गेलात तर साधारण २७ अंश, मग खाली होंडाची छोटी शाईन असो नाहीतर अवजड गोल्डविंग (रुंद टायर असेल तर थोडं अजून). तेच ५० ने घुसलात तर ३८! दहाने स्पीड वाढवला आणि अकरा अंश गेले, कारण इथे स्पीडचा वर्ग मोजला जातो.

मग टूरिंगवाल्या गाड्याच का घासतात, तर त्या बुटक्या आणि रुंद असतात म्हणून. रॉयल एनफिल्डची सुपर मीटिओर ६५० घ्या, २४१ किलो, सीट ७४० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स १३५. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांना कंपनीच तीस-बत्तीस अंशांच्या आसपास लीन अँगल (घासायच्या आधी गाडी किती आडवी होते तो कोन) देते, म्हणजे ते वरचे ३८ त्यांच्याकडे नाहीतच, तुम्ही कितीही भारी चालवा.

आणि तो ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा स्पीडब्रेकरसाठी ठीक आहे, वळणासाठी नाही. तो गाडीच्या पोटाखालचा. वळणावर महत्त्वाचं काय, तर फुटरेस्टचं टोक जमिनीपासून किती वर आणि टायरपासून किती बाहेर. समजा टोक २६ सेंटीमीटर वर आणि ३८ बाहेर आहे, तर ३४ अंश मिळाले. आता बायको मागे, दोन्ही बाजूंना बॅगा, चोपडा-शिरपूर-शहादा करत तोरणमाळला निघालात आणि गाडी ३ सेंटीमीटर दबली, की उरले ३१. त्याच २५ मीटरच्या वळणावर हे म्हणजे ताशी जवळपास ३ किलोमीटर कमी. ऐकायला काहीच नाही, पण रोज एकटे त्याच स्पीडने जायची सवय असते ना.

यावर उपाय फुकटाचा आहे आणि तरी कोणी करत नाही. मागच्या शॉकअपच्या बुडाशी खाचांची रिंग असते, सी-पान्याने (टोकाला आकडा असलेला पाना) एकेक खाच फिरवायची, कट्ट आवाज येतो, दोन्ही बाजूंना सारखी. मेकॅनिक म्हणतो "भाऊ, गाडी कडक होईन, पाठ दुखीन". अहो, त्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते, आणि डबलसीट असताना तेच पाहिजे असतं.

फुटरेस्टच्या टोकाखाली ती बोल्टसारखी खुंटी असते ना, ती दिसायला घाण म्हणून काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ती मुद्दाम आधी घासायला दिलेली असते. खर्रर्र झालं, फुटरेस्ट वर दुमडला, तुम्हाला कळलं. त्या क्षणी दचकून थ्रॉटल सोडायचा नाही, ब्रेक तर नाहीच, कारण तसं केलं की गाडी अजून खाली बसते. थ्रॉटल आहे तसा धरा आणि छाती वळणाच्या आतल्या बाजूला न्या, म्हणजे तेवढी गाडी सरळ होते. मागच्यांनाही आधीच सांगून ठेवा, वळणावर उलट्या बाजूला झुकू नका.

आपण डावीकडून चालतो म्हणून डावी हेअरपिन (एकदम उलट फिरणारं वळण) जास्त टाइट पडते, आणि नेमका साइड स्टँड अन् डबल स्टँडचा पायटा डावीकडेच असतो, हे भाग फुटरेस्टसारखे दुमडत नाहीत. ते जोरात टेकले की चाकावरचा भार कमी होतो, मग टायर कितीही महागडं असू द्या. त्यात हेअरपिनवर ट्रकचं सांडलेलं डिझेल, कडेला बारीक खडी. म्हणून ब्रेक जो काय मारायचा तो वळणाच्या आधी.

लेग गार्डचंही तेच. बाजारातला सगळ्यात रुंद बघून घेतात, वर त्याच्या खालच्या दांडीला फॉगलाइट लावतात. घेण्याआधी गाडीवर दोघं बसा, तिसऱ्याला टायरच्या कडेपासून फुटरेस्टच्या टोकापर्यंत दोरी ताणून धरायला सांगा. गार्ड किंवा लाइट त्या दोरीच्या खाली येत असेल तर तो घेऊ नका.