कुष्ठी राजाचे हात : कंबोडियातले सहा दिवस

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली बावीस वर्षं कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करते. त्यामुळे कुठेही गेले तरी माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर हातांवर जाते. अंगकोरमध्ये, म्हणजे कंबोडियातल्या जुन्या राजधानीच्या अवशेषांत, 'कुष्ठी राजाचा चौथरा' नावाची जागा आहे आणि त्यावर त्या राजाची मूर्ती आहे, असं वाचलं तेव्हाच ठरवलं की ही मूर्ती आपण बघायचीच. यंदा जानेवारीत धाकट्या बहिणीला घेऊन गेले.

चौथऱ्यावर आता जी मूर्ती आहे ती प्रतिकृती आहे. मूळ मूर्ती राजधानीत, नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणून आम्ही आधी नोम पेन्हला उतरलो आणि तिथून बसने अंगकोरजवळच्या सिएम रीप या गावी गेलो. साधारण सहा तास लागतात, रस्ता चांगला आहे. माझ्यासारखं या एका विषयासाठी जाणार असाल तर हाच क्रम ठेवा. मूळ मूर्ती डोळ्यांत साठवून गेलं की चौथऱ्यावर काय बघायचं ते कळतं.

संग्रहालयाची लाल इमारत १९२० साली सुरू झाली. मधोमध चौक आहे, त्यात कमळांची तळी आहेत. राजा उजवा गुडघा उभा करून बसलेला आहे. अंगावर वस्त्र नाही, डोक्यावर दाट कुरळे केस, ओठावर मिशी. मी जवळजवळ पाऊण तास तिथे होते. चेहरा शांत आणि भरलेला. या आजारात नाकाचा दांडा बसू शकतो, भुवया विरळ होतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. त्यातलं इथे मला काहीच दिसलं नाही. बोटं गेलेली आहेत, पण ती दगड तुटावा तशी तुटलेली आहेत. कुष्ठरोगात बोटं झडून पडत नाहीत. मज्जातंतू निकामी झाल्यामुळे भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखमा चिघळतात, हाड हळूहळू आत शोषलं जातं आणि बोट आखूड होत जातं. पुष्कळदा त्या आखूड टोकावर नखाची खूण शिल्लक असते. त्याआधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वाकतं. हा हात आम्ही रोज बघतो. मूर्तीचा हात तसा नाही.

मग हिला कुष्ठी राजा म्हणायला लागले कशावरून? अंगावर शेवाळ आणि दगडफुलाचे चट्टे चढले होते, बोटं नव्हती, आणि एका राजाला हा रोग झाला होता अशी दंतकथा लोकांच्या तोंडी होतीच. मूर्तीच्या बैठकीवर मागाहून कोरलेला, चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमाराचा लेख आहे. त्यात नाव आहे धर्मराज. म्हणजे आपला यम. ओठांच्या कोपऱ्यांत नीट पाहिलंत तर दोन बारीक सुळे दिसतील. हे कळल्यावर माझी बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, म्हणजे अंगावर डाग दिसले म्हणून लोकांनी देवालासुद्धा महारोगी ठरवलं?" आमच्याकडे साध्या पांढऱ्या डागाच्या मुलींची लग्नं कशी मोडतात हे तिने माझ्या तोंडून ऐकलेलं आहे.

सिएम रीपला अंगकोरचा पास काढावा लागतो. एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२, सात दिवसांचे ७२. तीन दिवसांचा पास घ्या. ते दिवस सलग नसले तरी चालतात, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. पासवर तुमचा फोटो असतो आणि जागोजागी तपासतात, तेव्हा तो हाताशी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. डॉलर सगळीकडे चालतात, मात्र फाटकी किंवा डाग पडलेली नोट कुणी घेत नाही, म्हणून निघतानाच कोऱ्या नोटा घ्या. टुकटुक दिवसभरासाठी ठरवली की सोयीचं पडतं. आमचे चालक वयाने मोठे होते. त्यांना आम्ही तिथल्या रीतीप्रमाणे 'बोंग' म्हणत होतो. याचा अर्थ दादा किंवा ताई, आणि एवढ्या एका शब्दाने बोलणं मोकळं होतं. शाकाहारी असाल तर भाजीतही फिश सॉस असतो हे ध्यानात ठेवा आणि आधी विचारून घ्या.

चौथरा अंगकोर थॉम या जुन्या तटबंदीच्या शहरात, हत्तींच्या चौथऱ्याला लागून उत्तरेला आहे. सातवा जयवर्मन या राजाच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाची अखेर किंवा तेराव्याची सुरुवात. उंची सुमारे सहा मीटर. बहुतेक लोक पायऱ्या चढून वर जातात, भगवं वस्त्र पांघरलेल्या प्रतिकृतीशेजारी फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही तसं करू नका. इथलं खरं काम आत आहे. चौथरा वाढवताना मूळची कोरीव भिंत बांधकामात गाडली गेली होती. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी मधली माती काढली आणि आता दोन भिंतींमधल्या अरुंद बोळातून चालता येतं. अनेक फण्यांचे नाग, शस्त्रधारी असुर, मुकुट घातलेल्या स्त्रिया, ओळींवर ओळी. हे पाताळ असावं असं मानतात. मूर्ती यमाची, भिंतीवर पाताळ, त्यावरून ही राजघराण्याची दहनभूमी असावी असा तर्क जॉर्ज सेदेस या अभ्यासकाने मांडला होता. मला तो पटतो. बोळ चिंचोळा आहे. घाबरायला होत असेल तर गर्दी ओसरल्यावर, दुपारी जेवणाच्या वेळेला जा.

याच विषयाचा दुसरा भाग अंगकोर वाटच्या दक्षिणेकडच्या ओवरीत, पूर्वेकडच्या अर्ध्यात आहे. तिथे स्वर्ग-नरकाचं लांबलचक शिल्प आहे. अनेक हातांचा यम वाहनावर बसलेला, पुढे निवाडा करणारे धर्म आणि चित्रगुप्त, आणि खाली बत्तीस नरक. चित्रगुप्ताचं नाव तिथे कोरलेलं आहे, आणि आपल्या आजीच्या गोष्टीतला माणूस समुद्रापार भेटल्यासारखं वाटतं.

आजाऱ्यांचं प्रत्यक्ष काय होत होतं हे पाहायचं असेल तर रुग्णालयांच्या खुणा शोधा. ता प्रोह्म या देवळातल्या ११८६ च्या शिलालेखात राज्यातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. लाकडी इमारती गेल्या, दगडी देवळं तेवढी उरली. एक अंगकोर वाटच्या पश्चिमेला, अंगकोर थॉमच्या रस्त्यालगत आहे, ता प्रोह्म केल. दुसरं ता केओ देवळाच्या समोर झाडीत. दोन्ही ठिकाणी आम्ही दोघीच होतो. रुग्णालयांच्या शिलालेखांत मध, तीळ, कापूर, मिरी, वेलची असा औषधी जिन्नस मोजून दिलेला आहे आणि चारही वर्णांवर उपचार व्हावेत असं लिहिलं आहे. त्यातली एक ओळ मी वहीत उतरवून नेली होती आणि ता प्रोह्म केलच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचली :

राष्ट्रदुःखं हि भर्तॄणां दुःखं दुःखं तु नात्मनः।

प्रजेचं दुःख हेच राजांचं दुःख, स्वतःचं दुःख हे दुःख नव्हे. संस्कृत जेमतेम शाळेपुरतं आलेल्या माणसालाही हे लागतं.

शेवटची सकाळ बायॉन या देवळासाठी ठेवली होती. लोक इथे दगडी चेहऱ्यांसाठी येतात आणि ते खरोखर मोठे आहेत, पण आम्हाला आतल्या ओवरीतली, पूर्वेकडची चित्रपट्टी हवी होती. एक राजा प्रचंड सर्पाशी झुंजतो आहे. पुढच्या दृश्यात तो बसलेला आहे आणि बायका त्याचे हात हातात घेऊन तपासतायत. पुढे आजारी माणूस पडलेला. सर्पाच्या विषाने राजाला कुष्ठ झालं, ती कथा इथे आहे असं अभ्यासक मानतात. दगड झिजलेला आहे, ओल धरलेला आहे, आणि शिल्पाखाली नाव लिहिलेलं नाही. तरी माझ्यापुरतं हेच खरं चित्र. हात बघणाऱ्या माणसाची मान कशी झुकते, बोट कसं उलगडून धरावं लागतं, हे त्या कारागिराने पाहिलेलं असणार.

१२९६ मध्ये जोउ दाग्वान नावाचा चिनी माणूस वकिलातीबरोबर इथे आला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवलंय की रस्त्यांवर कुष्ठरोगी पुष्कळ दिसतात, पण लोक त्यांच्याबरोबर जेवतात, झोपतात, कुणी हरकत घेत नाही. कारण त्यांच्या एका राजालाच हा रोग झाला होता म्हणे. आपल्याकडे १८९८ चा, रुग्णांना वेगळं डांबणारा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं २०१९ मध्ये. रोग पूर्ण बरा करणारा अनेक औषधांचा एकत्र उपचार तर १९८० च्या दशकापासून आहे आणि फुकट मिळतो. त्या ओवरीत उभी राहून मी हा हिशोब करत होते आणि मला राग येत होता.

काही उरलेल्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा, एरवी उकाडा किंवा पाऊस. डास आहेत, मलम न्या. सिएम रीपचा नवा विमानतळ गावापासून बराच लांब आहे, परतीच्या दिवशी तासाभराहून जास्त वेळ हाताशी ठेवा. थायलंडमधून रस्त्याने यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा, २०२५ च्या संघर्षात ती सीमा बंद झाली होती. बायॉनचा वरचा मजला दुरुस्तीसाठी बंद असला तरी हिरमुसू नका, हे शिल्प खालच्या बाजूला आहे. वाटाड्याला "कुष्ठी राजाची कथा" एवढं सांगा. नाहीतर तो तुम्हाला सरळ चेहऱ्यांकडे नेईल.

परत आल्यावर मी फोनमधले फोटो केंद्रात दाखवले. चौथऱ्यावरच्या मूर्तीकडे कुणी फारसं बघितलं नाही. बायॉनच्या फोटोवर मात्र एक आजी थांबल्या. त्यांचे दोन्ही हात वाकलेले, साठीच्या पुढच्या, नवऱ्याने तिशीत घराबाहेर काढलेल्या. फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "धरलाय की गं त्याचा हात." आणि मग, "मला हा कागदावर काढून दे."

माझा फोटो उन्हाच्या तिरिपीत निम्मा पांढरा आला आहे. तुम्ही जाणार असाल तर सकाळी साडेसातला दार उघडताच आत शिरा. तेव्हा ऊन अजून त्या पट्टीवर आलेलं नसतं, आणि बाजूने टॉर्च धरला की बोटं वेगवेगळी दिसतात.