खड्ड्यात उतरायचं नाही: दिएंगमधला माझा अनुभव

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी कोअर शॉप बघतो. कोअर म्हणजे ओतकामात आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा. सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूत कार्बन डायऑक्साइड सोडला की कोअर काही सेकंदांत कडक होतो. हा वायू हवेपेक्षा जड, ना रंग ना वास. सखल जागी साचून राहतो.

त्यामुळे इंडोनेशियातल्या जावा बेटावर, दिएंग या ज्वालामुखीच्या पठाराला जायचं ठरलं तेव्हा "कशाला रे त्या उकळत्या पाण्यात मराय जातोस?" म्हणून आई भांडली, पण माझी भीती वेगळीच होती. 1979 च्या फेब्रुवारीत तिथं सिनिला विवराचा स्फोट झाला. घाबरून पळणारे गावकरी वाटेतच कार्बन डायऑक्साइडच्या लोटात सापडले. सुमारे दीडशे माणसं गेली, आणि ती भाजून नव्हे, गुदमरून.

योग्याकार्ताहून वोनोसोबोमार्गे वर चढलो. पठार सुमारे 2,000 मीटरवर, पहाटे बेळगावची डिसेंबरातली थंडी लाजेल इतका गारठा. निघण्याआधी लॉजवाल्या बाईंना ज्वालामुखीचा इशारा आज कितव्या पातळीवर आहे ते विचारलं. तिथं चार पातळ्या असतात, आणि त्या दिवशी सगळ्यात खालची होती. तिंबांग विवराचं नाव काढताच मात्र बाईंनी नुसता हात हलवला. 2011 आणि 2013 मध्ये तिथला वायू वाढला होता. तो बेत तिथंच सोडला.

त्याऐवजी सिकिदांग विवराला गेलो. किदांग म्हणजे हरीण. वाफेचं तोंड हरणासारखं उड्या मारत जागा बदलतं म्हणून हे नाव. म्हणजे काल घट्ट असलेली जमीन आज पोकळ असू शकते. मुलगा फोटोसाठी फळ्यांच्या वाटेवरून खाली पाय टाकत होता, मी मागून कॉलर धरली. वर पांढरा पापुद्रा, खाली उकळता चिखल.

वारा पाठीवर घेऊन चालत होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आता वास येईना झालाय, बरं वाटतंय." मी तिला हाताला धरून मागं ओढलं. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं, मग सडक्या अंड्यांचा वास कळतच नाही. ती चिडली, "रुमाल ओला करून बांधलाय की!" ओल्या रुमालानं हे वायू अडत नाहीत, हे पटवायला अर्धा तास गेला. कदाचित तिला वासाची नुसती सवय झाली असेल, पण ते तपासत थांबायची ती जागा नव्हती.

तिथं उकडलेली अंडी विकतात. मुलानं दोन खाल्ली.

परतल्यावर सोमवारी शॉपमध्ये गेलो आणि पिटजवळचा, म्हणजे तिथल्या खड्ड्याजवळचा, बंद पडलेला पंखा आधी दुरुस्त करून घेतला. दीड वर्ष तो तसाच होता, आणि रोज त्याच्या शेजारून जाणारा मीच.