गरज सरो आणि बाई घरी जावो

दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडाच्या बायका म्हटलं की टोरंटोच्या जॉन इंग्लिस कारखान्यातली व्हेरॉनिका फॉस्टर आठवते, डोक्याला रुमाल, शेजारी नुकतीच तयार झालेली ब्रेन गन (हलकी मशीनगन) आणि बाईसाहेब आरामात सिगारेटचा धूर सोडतायत. १९४१ चा सरकारी प्रचाराचा फोटो, पोज दिलेलाच, पण ऐट बघा!

मला मात्र सरकारच्या हिशोबाची जास्त मजा वाटते. माणसं कमी पडायला लागल्यावर १९४२ मध्ये टॅक्सचा नियम बदलला, बायको कितीही कमवू दे, नवऱ्याला विवाहित म्हणून मिळणारी टॅक्समधली सूट कायम, आणि त्याच वर्षी केंद्र नि प्रांतांनी निम्मा निम्मा खर्च उचलून पाळणाघरं काढायचं ठरवलं, प्रत्यक्षात निघाली ती ओंटारियो आणि क्युबेकमध्येच. लष्करातल्या बायकांना आधी पुरुषांच्या दोन तृतीयांश पगार, मग १९४३ मध्ये ८० टक्के (केवढे उपकार!). युद्ध संपलं तसे पाळणाघरांचे केंद्राचे पैसे बंद, १९४७ ला टॅक्सची ती सवलतही गेली, आणि लग्न झालेल्या बाईला केंद्र सरकारच्या नोकरीतली आडकाठी तर पार १९५५ पर्यंत होती. ओंटारियोतल्या आया मात्र गप्प बसल्या नाहीत, भांडल्या, आणि १९४६ मध्ये तिथे पाळणाघरांचा कायदा झाला.