पाणी संपलं की खटका पडतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: "वहिनी, तुम्ही भुसावळच्या. तुमच्याकडे दोन्ही वेळा भाकर. मग राइस कुकरमध्ये रोज करता काय? आणि आम्ही घेतला तर सुरुवात कुठून करायची?" यंदा माझी भाची पुण्याला नोकरीला गेली. खोलीवर गॅस ठेवायची परवानगी नाही, म्हणून तिने कुकर घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी फोन केला, "मावशी, आता पुढं काय करू?" तिला तुकड्या-तुकड्याने जे सांगितलं तेच इथे जरा सलग सांगते.

आमच्याकडे भात जेवणाच्या शेवटी येतो हे खरंच आहे. पश्चिमेला नवापूरकडे भात पिकतो, तिथलं जेवण वेगळं. तापीकाठच्या केळी-कापसाच्या पट्ट्यात मात्र ताटात आधी भाकर पडते, दादर ज्वारीची नाही तर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी मी कुकर घरी आणला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय व हे? भाताचं यंत्र? एवढा भात खातं कोण?" प्रश्न रास्त होता.

तो आणला ह्यांच्या ड्यूटीमुळे. हे मालगाडीवर लोको पायलट. कॉल कधी येईल ते ठरलेलं नाही आणि घरी कधी पोचतील तेही नाही. इगतपुरीहून संध्याकाळी सातला येणारा माणूस रात्री एकला दार वाजवतो. त्या वेळी ड्यूटीची बॅग खाली ठेवून कुणी गार वरण-भात खावा असं मला कधीच वाटलं नाही, आणि मुलं लहान असताना रोज मध्यरात्री गॅसपाशी उभं राहणंही होईना. ज्याच्याजवळ थांबावं लागत नाही असं एक भांडं मला हवं होतं.

आता सुरुवात. आधी पदार्थ शिकू नका, कुकर थांबतो कसा ते समजून घ्या. आतलं भांडं काढलंत की खाली गरम होणारी तबकडी दिसते आणि तिच्या मधोमध दाबलं जाणारं एक गोल बटण. भांड्याचा तळ त्या बटणावर टेकतो. भांड्यात पाणी आहे तोवर आतली उष्णता १०० अंशांच्या आसपासच राहते, कारण उकळतं पाणी त्याच्या वर जातच नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकलं, उरलेलं वाफ होऊन गेलं, की तळ त्याहून तापू लागतो. बटणाच्या आत एक चुंबक असतो. सुमारे १०३ अंशांना त्याची पकड सुटते, स्प्रिंग समोरचा खटका सोडते आणि 'खट्' आवाज होऊन कुकर 'वॉर्म'वर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्यावर, येतो. साध्या कुकरमध्ये घड्याळ नसतं. भात शिजला की नाही हेही त्याला कळत नाही. पाणी संपलं, एवढं एकच त्याला कळतं.

हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. पाणी संपल्यावर जे तयार होतं ते यात होणार. नुसत्या वाफेवर जे शिजतं तेही होणार. फोडणी मात्र होणार नाही, कारण कोरड्या भांड्यात तेल तापवायला ठेवलं की तळ लगेच १०० च्या वर जातो आणि खटका पडतो. काही जणी त्या खटक्याला चमचा अडकवून तो खाली धरून ठेवतात. कृपा करून असं करू नका. आतला थर्मल फ्यूज जळू शकतो आणि तो बदलेपर्यंत कुकर बंद पडतो.

पहिल्या आठवड्यात माझा भात दोनदा खाली करपला आणि वर कच्चा राहिला. कुकरच खराब निघाला असं समजून मी तो दुकानात परत नेला. दुकानदाराने भांडं उलटं करून दाखवलं: तळाला तांदळाचा एक दाणा चिकटून वाळला होता. भांडं त्याच्यावर तिरकं बसत होतं आणि बटणाला नीट टेकत नव्हतं. तेव्हापासून भांडं आत ठेवण्याआधी त्याचा तळ कोरड्या फडक्याने पुसायचा आणि ठेवल्यावर डावी-उजवीकडे एकदा फिरवून बसवायचं, हा घरातला नियम आहे.

दुसरी गोष्ट पेल्याची. कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा पेला टाकून देऊ नका. तो बहुधा १८० मिलीचा असतो. जपानमध्ये तांदूळ मोजायचं 'गो' नावाचं जुनं माप आहे, ते हेच. भांड्याच्या आत कोरलेल्या रेघा या पेल्याच्या हिशोबाने असतात. आपल्या वाटीने तांदूळ घेतलात आणि पाणी रेघेपर्यंत भरलंत तर हिशोब चुकतो. एक पेला म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ, दोन माणसांना पुरतो. आमच्याकडे कोलम असतो. त्याला एकास दोन पाणी, तांदूळ जुना असेल तर वर आणखी चार चमचे. इंद्रायणीला दीडपट पाणी बास होतं, नाही तर गिच्च गोळा होतो. खटका पडल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. भात मोकळा होतो तो त्या दहा मिनिटांत.

भात जमला की दुसऱ्या दिवशी खिचडी करा. आमची खिचडी तुरीच्या डाळीची, आणि कुकरचा खरा उपयोग मला तिथे कळला. एक पेला तांदूळ, अर्धा पेला तूरडाळ, चार पेले पाणी. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे उष्णता १२० अंशांपर्यंत चढते, म्हणून डाळ तिथे पटकन गळते. इथे ती १०० वरच शिजणार, तेव्हा तासभर आधी भिजवायलाच हवी. छोट्या कढईत तेलावर मोहरी, ठेचलेला लसूण, लाल मिरच्या आणि मूठभर शेंगदाणे परतून ती फोडणी हळद-मिठासकट भांड्यात ओता, तांदूळ-डाळ-पाणी घालून ढवळा आणि खटका दाबा. वाढताना वरून कच्चं शेंगदाणा तेल, शेजारी भाजलेला पापड आणि कांदा. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. डाळीचा फेस वर चढतो आणि झाकणाच्या भोकातून उतू जाऊन ओट्यावर येतो.

सासूबाईंचं मत मात्र बदललं ते फुनक्यांमुळे. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: तूरडाळ चार-पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून भरड वाटायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर, बारीक चिरलेला कांदा आणि मीठ घालून मुठीत दाबून लांबट मुटके करायचे आणि वाफवायचे. गरम फुनके हाताने कुस्करायचे, वर तेल आणि कढी. पूर्वी आम्ही मोठ्या पातेल्यावर चाळण ठेवून, वर ताट झाकून ते वाफवायचो. मग पाणी संपलं का बघायला सारखं झाकण उचलायचं आणि दर वेळी वाफ निघून जायची.

कुकरबरोबर भोकांची जी ताटली येते तिला तेल लावून फुनके मांडले आणि खाली दोन पेले पाणी घातलं की माझ्या ७०० वॉटच्या कुकरला ते आटवायला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्यात फुनके मधपर्यंत शिजतात. म्हणजे पाणी मोजून घातलं की वेळ मोजून झाली. तुमच्या कुकरचा वेळ थोडा वेगळा असेल. एकदा नुसतं पाणी घालून, झाकण लावून, घड्याळ लावून बघा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ही युक्ती माझी मला सुचली असं कितीतरी दिवस वाटायचं. मग वाचलं, की १९५५ साली जपानमध्ये तोशिबाने बाजारात आणलेला विजेचा राइस कुकर याच कल्पनेवर चालायचा. त्याला भांड्यात भांडं होतं. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं, ते आटायला साधारण २० मिनिटं लागायची, आटलं की उष्णता चढून स्विच बंद. तो तयार केला योशितादा मिनामी यांनी, पण पुन्हा पुन्हा भात शिजवून, कडाक्याच्या थंडीतही शिजवून, तो तपासला त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. मी सासूबाईंना हे सांगितलं. त्या बराच वेळ कुकरकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाईनं केलं म्हणून जमलं." तेव्हापासून फुनक्यांचं पाणी त्या स्वतः मोजतात.

वाफेवरचंच दुसरं म्हणजे बट्टी. गव्हाच्या जाडसर पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा, जिरं, हळद, मीठ आणि सढळ मोहन घालून घट्ट मळा, वळकट्या करा आणि त्याच ताटलीवर वाफवा. बट्टीला फुनक्यांपेक्षा वेळ जास्त लागतो, मी पाणी तीन पेले घालते. बट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, भुगा होतो. मग तुकडे तळायचे आणि चुरून वरण घालायचं. शेणाच्या गोवऱ्यांत भाजलेल्या बट्टीचा वास याला येत नाही, हे कबूल करायला हवं. पण रात्री आठ वाजता चार माणसं आली तर गोवऱ्या कुठून पेटवणार?

बाकी पटापट सांगते. एकादशीची भगर यात फार सुंदर होते, एकास अडीच पाणी, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. कच्ची केळी सालासकट वाफवा, सोलून उपासाच्या टिक्क्या करा. केळी आमच्या जिल्ह्यात कुणाच्या तरी शेतातून घरी येतातच. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवल्या तर सकाळी एकास चार पाण्यात मऊ होतात, ताकाबरोबर खायच्या. बटाटे, रताळी, मक्याची कणसं, अंडी, शेंगा हे तर सांगायलाच नको.

काय करायला जाऊ नये तेही सांगते. नुसतं वरण यात शिजवू नका, फेसाने उतू जातं आणि डाळही अर्धी कचकचीत राहते. त्याला प्रेशर कुकरच हवा. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा एकसारखा हाटावा लागतो, त्याला मोठं पातेलं आणि दोन बायकांचे हात लागतात. वांग्यांचं तर नावच काढू नका. बामणोदची वांगी तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, वाफवलेल्या वांग्याला भरीत म्हणता येत नाही.

आता 'वॉर्म'विषयी, आणि हे मी सगळ्यांना बजावून सांगते. खटका पडल्यावर कुकर भात साधारण ६५ अंशांच्या आसपास गरम ठेवतो. हे रात्री एकला आले तरी त्यांच्या ताटात वाफाळती खिचडी पडते ती यामुळे. पण हे प्लग चालू असेपर्यंतच. तांदळात बॅसिलस सीरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही, उलट्या होतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तर तासा-दोन तासांतच काळजी घ्यायला हवी. म्हणून भात एक तर 'वॉर्म'वर गरम असावा, नाही तर पसरून गार करून फ्रिजमध्ये. बंद कुकरात झाकून रात्रभर कधीच ठेवू नका. आणि 'वॉर्म'वरही चार-पाच तासांपलीकडे नको, कडेचा भात कडक होतो.

लाइट गेली तर काय, हे गावाकडच्या सगळ्या जणी विचारतात. साध्या खटक्याच्या कुकरमध्ये भात अर्धवट असताना लाइट गेली तर खटका खालीच राहतो, लाइट आली की काम तिथून पुढे सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न असेल तर झाकण न उघडता थांबा. तास-दीड तास गेली तर सरळ गॅसवर शिजवून घ्या. विजेचं म्हणाल तर ७०० वॉटचा कुकर अर्धा तास चालला की सुमारे ०.३५ युनिट होतं. साध्या थ्री-पिन सॉकेटवर तो चालतो, फक्त अर्थिंग असलेलंच सॉकेट घ्या.

उन्हाळ्यात मी कुकर स्वयंपाकघरात ठेवतच नाही. मागच्या ओसरीवर सॉकेट काढून घेतलं आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहालाच तिथे तो लावते, सगळी वाफ बाहेर जाते आणि दुपारी घरात तेवढाच उकाडा कमी. गॅसची शेगडी उचलून बाहेर नेता येत नाही, कुकर एका हाताने नेता येतो. नुसत्या या सोयीसाठी घेतलात तरी भुसावळ-जळगावकडच्या बाईचे पैसे वसूल आहेत, असं मी छातीठोकपणे सांगते.

आता शेवटचा प्रश्न, जो खरं तर सगळ्यात आधी विचारता: कोणता घेऊ? एकट्याला किंवा दोघांना १ लिटरचा, चौघांच्या घराला १.८ लिटरचा. एकाच खटक्याचा साधा घ्या, बटणांच्या पट्टीचा नको. वाफवायची ताटली खोल आणि घट्ट बसणारी आहे ना, आणि आतलं भांडं पुढे सुटं विकत मिळतं का, एवढं विचारून घ्या. दुकानात झाकण उघडून, भांडं बाहेर काढून मधलं गोल बटण बोटाने दाबून पाहा. ते न अडकता खाली गेलं पाहिजे आणि बोट काढल्यावर लगेच वर आलं पाहिजे.