सिअ‍ॅटलची लाइट रेल: विमानतळ ते लिनवुड, वेळ कुठे जातो आणि कुठे वाचतो

सी-टॅक विमानतळावरून शहराच्या मध्यावर, वेस्टलेकला, लिंक या लाइट रेलची १ लाइन सुमारे चाळीस मिनिटांत पोचवते. स्टेशन मात्र टर्मिनलला चिकटून नाही. बॅगा घेतल्या की रस्त्यावर न जाता लिफ्टने वर यायचं आणि ६ नंबरच्या स्कायब्रिजवरून पार्किंग इमारतीचा चौथा मजला गाठायचा. तिथून पुढे छताखालची सरळ वाट आहे. सामानासकट दहा मिनिटं धरा. भारतातून येणारी मंडळी टर्मिनलच्या दक्षिण टोकाला बाहेर पडतात आणि स्टेशन उत्तरेला आहे, त्यामुळे त्यांनी आणखी थोडी चाल गृहीत धरावी.

तिकीट सोपं आहे. ३० ऑगस्ट २०२४ पासून अंतर कितीही असो, मोठ्यांना सरसकट ३ डॉलर. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. भारतातून आलेले आई-बाबा ६५ च्या पुढचे असतील तर वयाचा पुरावा दाखवून सवलतीचं ओर्का कार्ड (इथलं बस-रेल्वेचं कार्ड) काढून घ्या. मग भाडं १ डॉलर. पुढे बस पकडायची असेल तर मशीनमधलं कागदी तिकीट घेऊ नका, ते बसमध्ये चालत नाही. ओर्कावर दोन तासांची ट्रान्सफर, म्हणजे गाडी बदलायची सवलत, मिळते. फलाटावर जायच्या आधी पिवळ्या यंत्राला कार्ड टेकवायचं. उतरतानाही टेकवा, असं जुन्या माहितीत अजून सापडतं. सरसकट भाडं आल्यापासून त्याची गरज उरलेली नाही. कुठेही फाटक नाही, म्हणून टेकवायचं हमखास राहून जातं आणि नेमका तेव्हाच तपासनीस येतो.

फलाटावर मधोमध उभे राहा. फलाट चार डब्यांचे आहेत. गाडी तीन डब्यांची आली तर टोकाला थांबलेल्यांची बॅगांसकट पळापळ होते. डब्याचा मधला भाग दाराच्या पातळीत असतो, दोन्ही टोकांना पायऱ्या चढाव्या लागतात. मोठ्या बॅगा मधल्या सांध्याजवळ, सायकलच्या हुकांपाशी बसतात. पाटी ‘लिनवुड’ची (उत्तरेचं शेवटचं स्टेशन) बघूनच चढा, उलटी गाडी दक्षिणेला फेडरल वेला नेते.

या मार्गाचं खरं दुखणं दक्षिणेत आहे. रेनिअर बीच ते माउंट बेकर या स्टेशनांमधल्या टप्प्यात गाडी मार्टिन ल्यूथर किंग मार्गाच्या मधून, सिग्नल असलेल्या चौकांतून धावते. वेग ताशी ३५ मैलांवर अडतो (इतरत्र ५५). डावीकडे वळणारी एखादी कार रुळांवर आली की दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते, मग मधल्या टप्प्यात बस सोडतात. पैसे वाचवायला रस्त्यावरून रूळ नेले, त्याची किंमत प्रवासी आजही वेळेत मोजतात. विमान पकडायचं असेल तर वेस्टलेकहून निघताना वीस मिनिटं जास्तीची ठेवाच.

बीकन हिल स्टेशन जमिनीखाली जवळजवळ ५० मीटर आहे आणि ये-जा फक्त लिफ्टने. बंद जागेचा त्रास असणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

उत्तरेचा भाग वेगळाच. नॉर्थगेट २०२१ मध्ये जोडलं गेलं, लिनवुड २०२४ मध्ये. लिनवुड ते वेस्टलेक सुमारे २८ मिनिटं, गर्दीच्या वेळी आय-५ महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला हेवा वाटावा असा वेळ. म्हणूनच सुरुवातीला सकाळी लिनवुडला गाडीत बसायला मिळायचं, पण युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टला चढणाऱ्यांना दाराशी उभं राहावं लागायचं. लिनवुड सुरू झालं तेव्हा ही गर्दी अपेक्षितच होती: लिंकच्या दुसऱ्या मार्गाचे, २ लाइनचे, डबे लेक वॉशिंग्टन तळ्याच्या पलीकडच्या डेपोत होते आणि तळ्यावरच्या पुलाचे रूळ तयार नव्हते.

स्टेडियममधला सामना सुटल्यावरची युक्ती सोपी आहे. उत्तरेला जायचं असेल तर स्टेडियम स्टेशनवरच चढा, कारण पुढच्या चायनाटाउन स्टेशनची झुंबड त्यानंतर येते. दक्षिणेला जायचं असेल तर उलटं, चालत चायनाटाउन गाठून आधीच जागा पकडा.

स्पेस नीडलसाठी वेस्टलेकला उतरून मॉलच्या वरच्या मजल्यावरून मोनोरेल घ्या. ओर्का तिथेही चालतं.

पहिल्या गाड्या सोमवार ते शनिवार पहाटे पाचच्या सुमारास सुटतात, रविवारी तासभर उशिरा. सहाच्या विमानाला टॅक्सीच बरी.